फ्लशच्या टाकीतले झिजलेले भाग घरच्या घरी कसे बदलावेत

कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची बारीक रेघ सतत उतरत असेल, रात्री कुणी न वापरताही टाकी मधूनच भरल्याचा आवाज येत असेल, किंवा फ्लश दोन-तीनदा दाबल्याशिवाय पाणी सुटत नसेल, तर टाकीतला एखादा भाग झिजला आहे. अशा वेळी अख्खी टाकी बदलायची गरज सहसा नसते. टाकीचं प्लास्टिक वर्षानुवर्षं टिकतं. आतली रबरं मात्र कडक होतात, त्यांच्यावर क्षार बसतात, आणि नेमक्या त्या दोन-चार वस्तूंसाठी पाणी दिवसरात्र वाया जात राहतं. काम अवघड नाही, पण पाना हातात घेण्याआधी कोणता भाग गेला आहे ते ओळखायला हवं. घाईने पूर्ण सेट बदलूनही गळती तशीच राहिली, असं बरेचदा होतं. चुकीचा भाग बदललेला असतो, एवढंच त्याचं कारण.

इथे मुख्यतः भिंतीवर लावलेल्या प्लास्टिकच्या टाकीबद्दल लिहिलं आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तीच असते. खाली कमोड असो वा भारतीय पद्धतीचं भांडं, टाकी एकच.

टाकीच्या आत काय असतं

झाकण उचलून टॉर्च मारा. टाकीला दोनच कामं असतात. पाणी आत घेऊन ठरावीक पातळीला थांबवायचं, आणि साठलेलं पाणी एका झटक्यात खाली सोडायचं. पहिलं काम इनलेट व्हॉल्व्ह करतो, ज्याला प्लंबर बॉलकॉक किंवा फ्लोट व्हॉल्व्ह म्हणतात. जुन्या टाकीत त्याला आडवी दांडी आणि टोकाला पोकळ चेंडू असतो. नव्यात उभ्या खांबावर वरखाली होणारा छोटा डबा असतो. दुसऱ्या कामाचे दोन प्रकार आहेत. बाजूला हँडल असलेल्या टाकीत सायफन असतो, आणि वर बटण असलेल्या टाकीत फ्लश व्हॉल्व्ह. तुमच्याकडे यातलं काय आहे ते पहिल्यांदा बघून घ्या, कारण पुढची सगळी परीक्षा त्यावर अवलंबून आहे.

फ्लश व्हॉल्व्हच्या तळाशी सिलिकॉनची किंवा रबराची एक चपटी रिंग असते. साठलेलं सगळं पाणी ती एकटी अडवून धरते. व्हॉल्व्हच्या मधोमध किंवा बाजूला एक उभी नळी दिसेल, ती ओव्हरफ्लोची. इनलेट बंद झाला नाही तर जादाचं पाणी या नळीतून भांड्यात जातं आणि बाथरूमच्या फरशीवर सांडत नाही.

सायफनची रचना वेगळी आहे. त्याला तळाशी झाकणच नसतं. उलट्या यू सारख्या वाकलेल्या नळीत आतला पडदा हँडलच्या जोरावर पाणी वर ढकलतो. पाणी एकदा त्या वळणावरून पलीकडे पडलं की बाकीचं आपोआप खेचलं जातं.

गळती कुठली ते ठरवा

आधी पाण्याची पातळी पाहा. ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत पाणी पोचून आत ओघळत असेल, तर दोष इनलेटचा. व्हॉल्व्ह बंद होत नाही किंवा पातळी जास्त ठेवली आहे. तळाची रिंग बदलून इथे काहीही साधणार नाही.

पातळी नळीच्या तोंडाच्या खाली असूनही भांड्यात पाणी येतंय असं वाटलं, तर कपड्यांना घालायची नीळ वापरा. टाकीत चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर तळाची रिंग पाझरतेय. क्वचित ओव्हरफ्लोच्या नळीला खालच्या बाजूला चीर गेलेली असते, तीही तपासून घ्या.

गळती किती आहे हे मोजता येतं. अँगल कॉक, म्हणजे टाकीकडे येणारं पाणी बंद करायचा भिंतीवरचा नळ, बंद करून टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा आणि अर्ध्या तासाने पाहा. आतून ३६ सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर रुंद असलेल्या सपाट टाकीत पाणी १ सेंटीमीटर उतरलं म्हणजे साधारण ४३० मिलिलीटर गेलं. याच वेगाने दिवसभरात २० लिटर होतात. कानाला आवाजही येत नाही अशी ही गळती आहे, आणि महिन्याला सहाशे लिटर पाणी घेऊन जाते.

सायफनच्या टाकीत भांड्यात पाणी ओघळत असेल तर संशय जवळजवळ नेहमी इनलेटवरच घ्यावा. पाणी सायफनच्या वळणापर्यंत चढलं तरच ते पलीकडे जाऊ शकतं. सायफन झिजल्याची खूण वेगळी असते. हँडल हलकं लागतं, तीन-चारदा ओढावं लागतं आणि पाणी जोर न धरता थोडंसं पडून थांबतं. आतला पडदा फाटला की असं होतं. पण त्याआधी पातळी पाहा. पाणीच कमी भरत असेल तर चांगला सायफनसुद्धा धरत नाही.

टाकीच्या खालून फरशीवर थेंब पडत असतील तर ते टाकीच्या भोकाशी असलेल्या वॉशरचं किंवा कनेक्शन पाईपचं (अँगल कॉकपासून टाकीपर्यंत पाणी आणणाऱ्या पाईपचं) काम. कुठल्या नटातून येतंय ते बोटाने कळत नाही, कारण थेंब ओघळून भलतीकडेच लोंबतो. सगळं कोरडं पुसून प्रत्येक नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. जो पहिला भिजेल तो दोषी.

सामान

स्क्रू पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, बादली, मग, मोठा स्पंज, जुना टूथब्रश, टॉर्च, टेफ्लॉन टेप. इनलेट व्हॉल्व्हचे आटे घरगुती टाकीत सहसा अर्धा इंचाचे, म्हणजे १५ मिलिमीटरचे असतात. कनेक्शन पाईप १८ किंवा २४ इंची मिळतो. जुना पाईप चार-पाच वर्षांचा असेल तर तोही बदलून टाका, कारण उघडल्यावर त्याच्या आतली रबरं पुन्हा नीट बसतीलच असं नाही.

फ्लश व्हॉल्व्हची रिंग आणि सायफन यांच्या मापांत मात्र कंपनीगणिक फरक असतो. फोटो दाखवून आणलेली रिंग दोन मिलिमीटर लहान निघाली की सगळा दिवस वाया. म्हणून जुना भाग काढून, धुऊन, पिशवीत घालून दुकानात न्या आणि काउंटरवर नव्याच्या शेजारी ठेवून पाहा. टाकीच्या झाकणावर किंवा आतल्या भिंतीवर कंपनीचं नाव असतं, तेही टिपून घ्या.

पाणी बंद करणं

टाकीकडे येणारा अँगल कॉक घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक कधी कधी जाम झालेला असतो. त्याला पाना लावून जोर करू नका. स्पिंडल, म्हणजे कॉकच्या आतली फिरणारी दांडी, तुटला तर भिंतीतून पाण्याची धार सुरू होते आणि ती थांबवायला पूर्ण लाइन बंद करावी लागते. हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हळूहळू हलवा. ऐकत नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा किंवा तुमच्या फ्लॅटच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. बऱ्याच इमारतींत संडासाच्या फ्लशची लाइन स्वयंपाकघराच्या लाइनपेक्षा वेगळी असते, तेव्हा कोणता व्हॉल्व्ह कशाचा हे सोसायटीच्या पंपवाल्याला विचारून घ्या आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

कॉक बंद झाल्यावर फ्लश करा. तळाशी दोन-तीन सेंटीमीटर पाणी उरतं, ते स्पंजने टिपून बादलीत पिळा. हे टाळलं तर नट सोडल्याबरोबर ते पाणी तुमच्या बाहीत येतं.

इनलेट व्हॉल्व्ह

बदलण्याआधी एकदा साफ करून पाहा. बोअरच्या पाण्याच्या भागात, किंवा नव्या संकुलांत जिथे फ्लशला प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात तिथे, निम्म्या तक्रारी कचऱ्याच्या असतात. कनेक्शन पाईप सोडला की व्हॉल्व्हच्या शेपटात एक बारीक जाळी दिसेल. टाकी भरायला वीस-वीस मिनिटं लागत असतील तर ती बाहेर ओढून ब्रशने धुवा.

उभ्या खांबाच्या व्हॉल्व्हच्या डोक्याची टोपी थोडी फिरवली की निघते. तिच्याखाली रबरी पडदा असतो, एक रुपयाच्या नाण्याएवढा, आणि त्यात सुईच्या टोकाएवढं भोक. या भोकातून थोडं पाणी पडद्याच्या मागे जातं आणि तेच पाणी पडद्याला दाबून व्हॉल्व्ह बंद करतं. वाळूचा एक कण त्या भोकात बसला की मागची जागा भरत नाही, पडदा दबत नाही आणि टाकी वाहतच राहते. पडदा उजेडासमोर धरा. भोकातून उजेड दिसला पाहिजे. भोक बुजलं असेल तर पाण्याखाली धरून बोटांनी चोळा. टाचणी घालू नका, भोक मोठं झालं तर पडदा निकामी होतो. रबरावर गोल वळ कायमचा उमटला असेल किंवा कडा लाटेसारख्या झाल्या असतील तर पडदा बदला, आणि सुटा मिळत नसेल तर पूर्ण व्हॉल्व्ह.

पूर्ण व्हॉल्व्ह असा बदला:

१. कनेक्शन पाईपचा नट सोडा. बादली खाली असू द्या.

२. एका हाताने व्हॉल्व्ह टाकीच्या आतून घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाहेरचा चेक नट, म्हणजे व्हॉल्व्हला टाकीशी आवळून धरणारा नट, सोडा. आतून धरला नाही तर व्हॉल्व्ह नटाबरोबर गोल फिरतो आणि टाकीच्या भोकाची कड खरवडली जाते.

३. भोकाभोवतीचे क्षार आतून-बाहेरून साफ करा. इथे पांढरा खवला राहिला तर नवं वॉशरही पाझरणार.

४. पाईप अँगल कॉकला तसाच जोडलेला ठेवून त्याचं टाकीकडचं सुटलेलं टोक बादलीत धरा आणि कॉक पाच सेकंद उघडा. लाइनमधली वाळू-गंज बाहेर पडू द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नवाकोरा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी कचऱ्याने अडकतो.

५. रबरी वॉशर व्हॉल्व्हच्या कॉलरला, टाकीच्या आतल्या बाजूला येईल असं घाला. व्हॉल्व्ह भोकात बसवा आणि बाहेरून नट हाताने आवळा. मग पान्याने फक्त पाव फेरा. प्लास्टिकच्या नटाला यापेक्षा जास्त जोर दिला तर तो तडकतो, कधी त्याच वेळी, कधी महिन्याभराने मध्यरात्री.

६. डबा किंवा चेंडू टाकीच्या भिंतीला किंवा फ्लश व्हॉल्व्हला घासत नाही ना, ते वरखाली करून पाहा.

७. कनेक्शन पाईप जोडा. त्याच्या नटात रबरी वॉशर असतं, तिथे टेफ्लॉन टेप लावायची नाही. टेपमुळे रबर तिरकं बसतं. टेप लागते ती धातूच्या आट्यांवर, उदाहरणार्थ अँगल कॉक भिंतीत बसवताना. तिथे आट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे द्या.

नट चढवताना पहिले दोन फेरे बोटांनीच फिरवा. अडखळत असेल तर आटे तिरके बसले आहेत. काढा आणि पुन्हा लावा. प्लास्टिकचे आटे एकदा मोडले की दुरुस्त होत नाहीत.

पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटीमीटर खाली ठेवा. टाकीत रेघ आखलेली असेल तर त्या रेघेवर. नव्या व्हॉल्व्हला यासाठी बाजूला लांब स्क्रू असतो. जुन्याची पितळी दांडी हलक्या हाताने खाली वाकवायची.

व्हॉल्व्ह विकत घेताना पाण्याच्या दाबाचा विचार जरूर करा. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. गच्चीवरची टाकी तुमच्या अगदी डोक्यावर, फक्त दोन-तीन मीटर उंच असेल, तर तुम्हाला ०.२ ते ०.३ बारच मिळतो. एवढ्या दाबात पडद्याचे काही व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाहीत, टाकी भरूनही बारीक धार चालू राहते, आणि माणूस एकामागून एक व्हॉल्व्ह बदलत बसतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कमी दाबाला चालणारा व्हॉल्व्ह मागावा, किंवा सरळ दांडी-चेंडूचा जुना बॉलकॉक घ्यावा. तो चेंडूच्या तरंगण्याच्या जोरावर बंद होतो, पडद्यामागच्या दाबावर अवलंबून नसतो. याउलट दहा मजले खाली राहणाऱ्याकडे ३ बार येतो. तिथे व्हॉल्व्ह भरताना थरथरून आवाज करतो. अँगल कॉक अर्धा बंद ठेवला की तो शांत होतो.

फ्लश व्हॉल्व्हची रिंग

बटणाच्या टाकीत सर्वांत जास्त हेच काम निघतं आणि हेच सर्वांत सोपंही आहे. व्हॉल्व्हचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. तळाच्या बैठकीतून तो सुटून वर येतो. काही कंपन्यांत बाजूच्या दोन चिमट्या दाबाव्या लागतात. खालून नट सोडायची गरज नाही.

रिंग खाचेतून बोटाने काढा. नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने ओढलीत तर कड चिरेल. चांगली रिंग मऊ आणि दोन्ही बाजूंनी सपाट असते. झिजलेलीवर बैठकीच्या कडेचा गोल खड्डा पडलेला असतो, काळं रबर असेल तर बोटांना शाई लागल्यासारखं काळं लागतं. नवी मिळेपर्यंत तीच रिंग उलटी करून बसवा, काही आठवडे निघतात.

आता बैठकीच्या कडेवरून ओलं बोट फिरवा. रिंग जिथे टेकते ती कड गुळगुळीत लागली पाहिजे. खरखरीत लागली तर क्षार आहेत, आणि नवी रिंग टाकूनही गळती थांबत नाही याचं हेच कारण. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात (एका पेल्याला दोन चमचे) भिजवलेलं फडकं त्या कडेवर अर्धा तास ठेवा, मग टूथब्रशने घासा. चाकू किंवा सँडपेपर लावू नका. प्लास्टिकवर ओरखडा उठला की तिथून कायमची वाट होते.

नवी रिंग खाचेत कुठेही पीळ न पडता बसवा, व्हॉल्व्ह बैठकीत ठेवून उलटा फिरवा आणि टक असा आवाज येईपर्यंत न्या.

झाकण लावल्यावरच गळती सुरू होते, अशीही एक तक्रार असते. तेव्हा रिंगेला दोष देऊ नका. बटणांखाली दोन आटेदार काड्या असतात. त्या जास्त लांब राहिल्या तर झाकण बसताक्षणी बटण किंचित दाबलेलंच राहतं आणि व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो. काडी फिरवून आत घ्या. बटण आणि काडी यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. फार आखूड केली तर बटण दाबूनही पाणी सुटत नाही, तेव्हा एक-एक फेरा कमी-जास्त करत जमवा.

सायफन

सायफन बदलायला टाकीखालचा फ्लश पाईप काढावा लागतो. पाईपाचा नट सोडून पाईप थोडा खाली सरकवा. भांड्याजवळच्या रबरात तो सरकतो, पण ओढाताण करू नका, ते रबर निसटलं तर दुसरं काम वाढतं. मग मोठा चेक नट सोडा, सायफन आतून धरून. हँडलच्या दांडीचा आकडा काढा आणि सायफन वर उचला. पडदा सुटा मिळाला तर तेवढाच बदला, नाहीतर पूर्ण सायफन. नवा बसवताना जाड रबरी वॉशर टाकीच्या आत, सायफनच्या कॉलरखाली येतं. नट बाहेरून, हाताने घट्ट अधिक पाव फेरा. हँडलचा आकडा पूर्वीच्याच भोकात अडकवा आणि झाकण ठेवण्याआधी पाच-सहा वेळा फ्लश करून पाहा.

सिरॅमिक आणि भिंतीतल्या टाक्या

कमोडवरच बसलेल्या सिरॅमिक टाकीत बटणाची रिंग फिरवून काढली की झाकण सुटतं. तळाची रिंग आणि इनलेट वर सांगितल्याप्रमाणेच बदलता येतात, फक्त इनलेट बाजूने न येता खालून येतो. पण बैठकीखालच्या मोठ्या वॉशरमधून गळत असेल तर अख्खी टाकी दोन बोल्ट काढून उचलावी लागते. हे काम दोघांनी करा, आणि परत बसवताना दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. एकाच बाजूला जोर पडला तर सिरॅमिक तडकतं.

भिंतीतल्या टाकीत बटणांच्या प्लेटमागून हात घालून काम होतं. आत छोटा स्टॉप कॉक असतो, तो आधी बंद करा. भाग त्याच कंपनीचे लागतात, दुसरे बसत नाहीत.

टाकीत काय घालू नये

संडास साफ करायचं ॲसिड टाकीत ओतू नका. क्षार जातात, पण रबर आणि धातूच्या स्प्रिंगाही जातात. ब्लीचिंगच्या गोळ्या टाकीत सोडून ठेवल्या तर रिंग फार लवकर कडक होते. या दोन्ही गोष्टी कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

शेवटची तपासणी

अँगल कॉक हळूहळू उघडा. टाकी भरताना प्रत्येक नटाखाली कोरडं बोट फिरवा. कुठे ओल लागली तर नट आणखी आठवा हिस्सा फिरवा, त्याहून जास्त नाही. तरीही थेंब आला तर आवळत बसू नका. पाणी बंद करून नट उघडा, वॉशर तिरकं किंवा दुमडलेलं असणार. पाणी ठरल्या पातळीला थांबलं की पुन्हा नीळ टाकून अर्धा तास थांबा. रात्री झोपताना भांड्याची मागची भिंत पुसून तिथे टिश्यूचा तुकडा चिकटवा आणि एक कोरडा कागद टाकीखाली फरशीवर ठेवा. सकाळी पहिला फ्लश करण्याआधी दोन्ही हातात घेऊन पाहा.